साडेतीनच्या लाटा

सकाळी ६.०५. चिंतन : संयम. दहापैकी चार. वक्ते घाईत होते.

वडप्याच्या एका गोदामात मंगळवारी दुपारी आग लागली आणि मागच्या दाराच्या आत सावळाराम नावाचा कामगार गुदमरून मेला. दाराला बाहेरून कुलूप होतं.

बुधवारी कंपनीने शोक व्यक्त केला. त्याच पत्रकात, पुढच्याच परिच्छेदात, दोषी कोण तेही सांगून टाकलं. वॉचमन लडकू भोईर. ड्युटीवर रेडिओ ऐकण्यात गुंग, मागच्या दाराला कुलूप लावलं आणि विसरला. पोलिसांची चौकशी अजून सुरू व्हायची होती, पण माल वेळेआधी पोचवणं हा कंपनीचा धंदाच आहे.

गुरुवारी सकाळी लडकूची बायको मैना भिवंडीत नीला प्रधानांच्या दारात उभी राहिली. नीलाबाईंनी खारबावच्या शाळेत एकतीस वर्षं शिकवलं, शेवटची काही मुख्याध्यापिका म्हणून. त्यामुळे तालुक्यातली निम्मी माणसं त्यांच्यासमोर अजून हात मागे घेऊन उभी राहतात. मैनाचेही मागेच होते. त्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली एक लांबट वही होती.

"बाई, चार वाजता फौजदार त्यांना न्यायला येनार हाय. मानूस मारल्याची केस करनार बोलतात."

"फौजदार कोण?"

"हितेश तरे."

"सातवी ब," बाई म्हणाल्या. "कुलूप लडकूने लावलं?"

"न्हाय."

"तो म्हणतो म्हणून?"

"सावळारामदादा त्यांचा जिगरी व्हता, बाई. दोन दिस घास गेला न्हाय पोटात. केस काय, ती व्हईल नि सुटंल. पन गावात बोलतात, लडक्यानं सावळ्याला मारला. त्यो त्यांना तुरुंगापेक्षा जास्त लागलाय."

बाईंनी वही घेतली. ती त्यांच्या ओळखीची होती. खारबाव श्रोते मंडळाचं ते दप्तर. अध्यक्ष नीलाबाई, चिटणीस लडकू. सभासद बारा, त्यांतले तीन वारलेले. पण नावं कमी केली तर गणसंख्या भरत नाही, म्हणून ते सभेला अजून हजर असतात. मंडळ एकच वाहिनी ऐकतं, राष्ट्रीय संवाद केंद्राची मराठी वाहिनी. गाणं नाही, जाहिरात नाही, पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत नुसतं बोलणं. लडकू प्रत्येक कार्यक्रमाला दहापैकी गुण देतो आणि आठवड्याला एक पोस्टकार्ड केंद्राला टाकतो. केंद्र कळवतं, आपली सूचना नोंदवली आहे.

सूचना एकच, नऊ वर्षं जुनी. साडेतीनला 'पानोपानी' लागतं, त्यात कुणीतरी आपला ललितलेख वाचतं. पण बरोबर साडेतीनला कोकणातल्या प्रक्षेपकावर दहा मिनिटं मच्छीमारांसाठी समुद्राचं हवामान सांगतात. ते संपून 'पानोपानी' हाती येतं तेव्हा त्याचं डोकं उडालेलं असतं. कुणीतरी कुणाला तरी माफ करत असतो. कोण, कशाबद्दल, ते नागपूरला माहीत; तिथे समुद्र नाही, लेख पहिल्यापासून लागतो. म्हणून मंडळाची मागणी : लाटा हलवा.

बाईंनी मंगळवारचं पान काढलं. सकाळपासूनच्या सगळ्या कार्यक्रमांना गुण होते. शेवटची ओळ साडेतीनची होती. 'लाटा. दीड ते'. पुढे पेनाचा एक ओरखडा आणि कोरा कागद.

सकाळी १०.१५. शेतीसल्ला : वालाची पेरणी. दहापैकी सात. वडप्यात आता शेत नाही, तरी सात.

आग मागच्या कोपऱ्यात लागली होती, फोर्कलिफ्टच्या बॅटऱ्या चार्ज करतात तिथे. तेवढा भाग काळ्या ताडपत्रीने झाकला होता. पुढच्या भागात बुधवारी संध्याकाळपासून पॅकिंग सुरू होतं. ताडपत्रीला कुणीतरी झेंडूचा हार अडकवला होता. तो कंपनीचा नव्हता.

लडकूला कामावरून काढलं होतं. पण बदली वॉचमन आलेला नव्हता आणि फौजदार येईपर्यंत त्याला कुठेतरी बसवायचंच होतं, म्हणून गेटवरच बसवलं होतं. ज्याने माणूस मारला असं कंपनीचं म्हणणं, त्याच्याकडूनच ती ट्रकसाठी गेट उघडून घेत होती. त्याच्या केबिनच्या फळीवर रेडिओ कुणाला तरी टोमॅटोवरची कीड समजावून सांगत होता.

"उठू नकोस," बाई म्हणाल्या. "सांग."

"मागचा दार म्या दोनला उघडला, बाई. रोज उघडतो."

नियम असा की आगीचं दार कामाच्या पूर्ण वेळात उघडं हवं. कंपनीने त्यावर तडजोड काढली होती, दुपारी दोन ते सहा. आगीनेही ती वेळ पाळावी अशी अपेक्षा असावी.

"कुलूप?"

"बाहेरच्या कडीत उघडाच लटकवून आलो. किल्ली ह्या जुडग्यात. जुडगा ह्या खिळ्याला. त्यो कुलूप दाबला की बसतो. लावाला किल्ली लागत न्हाय, उघडाला लागते."

"म्हणजे लावू कुणीही शकतं."

"कोनीबी. आन् उघडू मी एकटा."

"मग साडेतीन वाजले."

"लाटा लिवत व्हतो. जमीनवाला केसरीशेट डोका खात व्हता गेटवर, पेन मधीच थांबला. तवर धूर दिसला. मी पुढल्या शटरला धावलो, मानसा काढाला. बाई, माझ्या मनानं मागचा दार उघडा व्हता. मागची मानसा मागून गेली असतील, असा धरून चाललो. पाच मिनटा तिकडंच व्हतो." त्याने जुडगा खिळ्यावरून काढला, परत अडकवला. "मंग मागं पत्रा वाजाला लागला. ठण्ण, ठण्ण. धावत हितं आलो, जुडगा घेतला, आख्ख्या गोदामाला वळसा घालून गेलो. उघडला तवा तो दाराला टेकून बसलेला. दाराबरोबर माझ्या अंगावर आला."

रेडिओ कीटकनाशकाचं प्रमाण सांगत होता. लडकूने तो हळू केला.

"तुला कुलपाशी कुणी पाहिलं?"

"सुपरवायझर मनोजनं," लडकू म्हणाला. "त्यानं लिवून बी दिलाय."

दुपारी १२.४०. बुद्धिबळ, पाठ चाळिसावा. दहापैकी तीन. पट दिसत नाही.

गेटवर एक लाकडी पेटी आहे. सकाळी कामगारांचे मोबाईल तिच्यात जातात, सुटताना परत मिळतात. आत घड्याळ एकच, मॅनेजर भूपेश साहेबांच्या काचेच्या केबिनमध्ये, आणि तेही साहेबांकडे तोंड करून. त्यामुळे गोदामाचा दिवस लडकूच्या रेडिओवर चालतो. तो मोठ्याने लावलेला असतो आणि शटरमधून आत ऐकू येतो. सासू कोर्टात गेली की जेवण संपलं. घोडा पुढे सरकला की अजून अर्धा तास आहे. फक्त भूपेश साहेबांना यातलं काही ऐकू येत नाही. काच चांगल्या प्रतीची आहे, आणि ते दोनच महिन्यांपूर्वी बदलून आलेले, गाडीतून उतरून थेट काचेत जाणारे.

जेवणाच्या सुट्टीत बाई मानकोलीच्या दिपालीजवळ बसल्या. ती पॅकिंगवर आहे. डबा उघडून पुढ्यात ठेवला होता, खात नव्हती.

"रेडिओवर गुडघ्यांचा डॉक्टर चालू होता तवा मी मागच्या दारानं बाहेर जाऊन आले," ती म्हणाली. "बाथरूम तिकडंच हाय. दार उघडं होतं. कुलूप कडीत लटकलेलं, मी हातानं बाजूला केलं."

"मग?"

"मग लाटा लागल्या. लाटा लागल्या की आमचा चहा. चहावाला मागं शेतावर येतो. समुद्राचं बोलणं संपेपर्यंत परत जागेवर. लाटांवर आमची पैज असायची, आज किती मीटर. चुकेल त्यानं कप विसळायचे. सावळाकाका चुकायचाच नाय. त्याची जवानी खाडीत होडीवर गेली. मला बोलायचा, दीड मीटर म्हंजे तुझ्या गळ्याएवढी." तिने डबा थोडा दूर सरकवला. "मंगळवारी बी दीडच बोलला होता. उठलो, दार ढकललं, तर बाहेरून बंद. काका बोलला, लडक्या कायतरी विसरला असंल, येईल. तुम्ही जा, मी थांबतो दाराशी."

"म्हणून तो तिथे होता."

"आमच्या चहासाठी थांबला, बाई. पाच मिनिटांत धूर. बॅटऱ्यांचा कोपरा मधी, आम्ही पुढून निघालो. भूपेश साहेब गेटवर उभे होते, खांद्याला लॅपटॉपची बॅग. मी खोकत खोकत त्यांना सांगितलं, सावळाकाका मागं हाय, दार बंद हाय."

"काय म्हणाले?"

"लडकू बघतोय बोलले."

बाईंनी डब्याचं झाकण उचललं आणि तिच्या हातात दिलं. "नसेल जात तर झाकून ठेव. फेकू नकोस."

सुपरवायझर मनोज डॉकवर होता. त्याच्या शर्टाच्या खिशाला चार पेनं होती आणि चारही त्या दिवशी चालत नव्हती, कारण बाईंनी विचारलं तेव्हा तो एकेक उघडून तपासत राहिला.

"मी खोटं लिहिलेलं नाही, बाई. लडकूदादा कुलपाशी, हातात किल्ली. तेवढंच."

"लावताना की उघडताना?"

मनोजने तिसऱ्या पेनाचं टोपण लावलं.

"ते साहेबांनी विचारलं नाही."

"तू सांगितलंही नाहीस."

"घरी दोन पोरं आहेत, बाई."

"सावळारामला तीन होती. लाटा लागल्या तेव्हा तू कुठे होतास?"

"इथेच. पाठ करून."

"कुणाकडे?"

"आत. लाटा लागल्या की मी रोज पाठ करतो. पाठ केली की चहाला कोण गेलं ते मला दिसत नाही." त्याने काचेच्या केबिनकडे पाहिलं आणि आवाज उतरवला. "पण साहेबांना कॅमेऱ्यात दिसतं. कॅमेरे माणसांवर आहेत, दारांवर नाहीत. सोमवारी मीटिंगमध्ये बोलले, रोज साडेतीनला अकरा मिनिटं लीकेज आहे."

"पाण्याचं?"

"माणसांचं," मनोज म्हणाला.

दुपारी २.००. श्रुतिका : कोर्टात सासू. दहापैकी आठ. सासूचं काम करणाऱ्या बाई उत्तम.

केसरीनाथ या जमिनीचा मालक. गोदामाखाली त्याचं भातशेत आहे, पण आता ते वर यायचं नाही. मागे एक पट्टा शिल्लक आहे, तिथे चहावाला येतो आणि कागदी कप मागे राहतात. रविवारी केसरीनाथने सगळ्यांसमोर धमकी दिली होती, कप उचलले नाहीत तर मागचं दार ठोकून टाकीन. बाईंनी हे तिघांकडून ऐकलं होतं. म्हणून त्याची जीप आली तशा त्या स्वतःच तिच्या आडव्या उभ्या राहिल्या.

"उतर."

तो उतरला. गळ्यात बोटाएवढी चेन, पण हात मागे गेलेच.

"मी न्हाय लावला कुलूप, बाई. बोललो व्हतो, करनार व्हतो. केला न्हाय."

"मंगळवारी साडेतीनला कुठे होतास?"

"गेटवर. माझ्या रस्त्यात कंटेनर लावलेला. लडक्याशी भांडत व्हतो अर्धा तास."

"रेडिओवर काय होतं?"

"कसला रेडिओ? हां. आधी त्यो गुडघ्यावाला डाक्टर. मंग समुद्र लागला. लडक्याला बोल्लो, बंद कर त्यो. हितं हीरीला पानी न्हाय आन् तू लाटा मोजतो." त्याला हसू आलं, मग सावळाराम आठवला, मग चेन नीट केली.

"तुम्ही दोघंच होतात? आणखी कोण?"

केसरीनाथने काचेच्या केबिनकडे पाहिलं. पुढच्या महिन्यात करार नव्याने व्हायचा होता. हे बाईंना त्याने सांगितलं नाही, पण तालुक्यात कुणाचा करार कधी संपतो हे सांगावं लागत नाही.

"माझा ध्यान न्हवता, बाई."

"केसरीनाथ, पाचवीत तू फळा अर्धाच पुसायचास."

"व्हय, बाई."

"अजून तसंच चाललंय," बाई म्हणाल्या आणि जीपला वाट दिली.

दुपारी ३.१५. आरोग्य : गुडघे. दहापैकी सहा. सावळारामसाठी ऐकले.

फौजदार हितेश तरे चारचे तीनलाच आले. कंपनीकडून दोनदा फोन गेला होता. काचेच्या केबिनमध्ये भूपेश साहेबांनी त्यांना थंड पाणी दिलं, बाईंनाही दिलं. भूपेश साहेब पस्तिशीचे, नम्र आणि इस्त्रीचे. सावळारामचं नाव घेताना त्यांनी डोळे मिटले आणि अदमासे दोन सेकंदांनी उघडले.

"मॅडम, तुमच्या भावना समजतात. पण लडकू बेजबाबदार आहे. मी स्वतः साक्षीदार आहे."

"वाच, हितेश," बाई म्हणाल्या.

हितेशने जबाब वाचला. बुधवार दुपारपासून तो प्रत्येकाला एकच प्रश्न विचारत होता, तेव्हा रेडिओवर काय होतं, कारण या गोदामात वेळ दुसऱ्या कशाने सांगताच येत नव्हती. उत्तरं त्याने लिहून घेतली होती, एकमेकांशेजारी ठेवून वाचली नव्हती. भूपेश साहेबांनी जबाब बुधवारी संध्याकाळी दिला होता. स्वतः टाईप करून, सहीनिशी.

"'सव्वातीनपासून धूर दिसेपर्यंत मी गेटवर लडकूच्या शेजारी होतो. तो पूर्ण वेळ रेडिओत गुंगलेला होता. प्रथम डॉक्टर गुडघ्यांवर बोलत होते. जिना उतरताना दुखरा पाय आधी टाकावा, असं त्यांनी सांगितलं. साडेतीनला पानोपानी सुरू झालं. कचेरीच्या घड्याळात राहणाऱ्या घुबडाचा लेख होता. लडकू हसत होता. शिपाई शिडी आणतो तिथवर लेख आला, तेव्हा धूर दिसला.'"

"घुबड?" बाई म्हणाल्या.

"हो, मॅडम. फार सुंदर."

"सांगा ना. अगदी पहिल्यापासून."

भूपेश साहेब खुलले. घड्याळ दहा वाजून दहा मिनिटांवर बंद पडलेलं. दुरुस्तीचा अर्ज तीन साहेबांच्या टेबलांवरून फिरतो. शेवटी मागची फळी काढतात तर आत घुबड. आता घड्याळ दुरुस्त केलं तर घुबड बेघर, म्हणून कचेरी कायमची दहा दहावर. मग नवा साहेब येतो आणि शिपायाला शिडी आणायला सांगतो. त्यांनी नावांसकट, क्रमासकट सांगितलं. एक शब्द इकडचा तिकडे नाही.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. नऊ वर्षांत 'पानोपानी'ची सुरुवात त्यांच्या कानावर प्रथमच पडत होती. लेख खरोखर चांगला होता, आणि त्याचाच त्यांना जास्त राग आला.

"एकतीस वर्षं मी पेपर तपासले," त्या उठत म्हणाल्या. "वर्गात बसलेली मुलं चुका करतात. ज्याचं उत्तर शब्दाला शब्द बरोबर, तो बहुधा वर्गात नव्हता. हितेश, तुला लडकूला न्यायचंय ना? साडेतीनला गेटवर ये. सगळ्यांना बोलाव. तुम्हीही या, साहेब. बॅग राहू द्या."

दुपारी ३.३०. लाटा. दीड ते

गेटवर वीस-बावीस माणसं जमली. दिपाली, मनोज, जीपला टेकलेला केसरीनाथ. मैना लडकूच्या मागे उभी होती, त्याच्या शर्टाचं टोक धरून. रेडिओवर एक दंतवैद्य ब्रश कसा धरावा ते सांगत होते.

"भूपेश साहेब," बाई म्हणाल्या, "आता यानंतर काय लागेल?"

"पानोपानी," भूपेश साहेब म्हणाले. "रोज साडेतीनला. वेळापत्रकात आहे."

कामगारांतून एक हालचाल गेली. दंतवैद्यांचे आभार मानले गेले. वेळेचे ठोके पडले.

"उत्तर कोकण किनारपट्टी," रेडिओ म्हणाला. "डहाणू ते मुरुड. वारे ईशान्येकडून. लाटांची उंची एक ते सव्वा मीटर."

भूपेश साहेबांनी रेडिओकडे पाहिलं, मग माणसांकडे. सगळे त्यांच्याकडे पाहत होते.

"स्टेशन चुकीचं लागलंय," ते म्हणाले. "बदला."

कुणी हात लावला नाही.

"हेच स्टेशन," बाई म्हणाल्या. "नऊ वर्षं रोज साडेतीनला इथे लाटाच लागतात. नागपूरला घुबड, कोकणात लाटा. आम्ही किती पोस्टकार्डं टाकली, केंद्र ऐकत नाही. या आवारातल्या प्रत्येकाला हे माहीत आहे, कारण प्रत्येकाचा चहा त्याच्यावर होता. तुम्हाला तो चहा कॅमेऱ्यात दिसायचा, ऐकू यायचा नाही. घुबड कुठे ऐकलंत?"

भूपेश साहेबांनी खिशातला मोबाईल चाचपला.

"मोबाईलवर," हितेश म्हणाला. तो जबाबाचा कागद पुन्हा पाहत होता. "बाई, केंद्राचं ॲप आहे. त्यात देशभराचं असतं, जुनं पण ऐकता येतं. मी सगळ्यांना रेडिओचं विचारतोय हे कळल्यावर यांनी..."

"अभ्यास केला. इथे मोबाईल फक्त त्यांच्याकडेच असतो. लडकू, वही दे. मंगळवारी साडेतीनला, लाटा. दिपाली?"

"लाटा."

"मनोज?"

"लाटा, बाई."

"केसरीनाथ?"

केसरीनाथ जीपपासून सुटा झाला. "लाटा. आन् ह्यो मानूस हितं न्हवता, बाई. गुडघ्यापासून धुरापर्यंत मी हितं, लडक्या हितं, तिसरा कोनी न्हाय. करार गेला तरी चालंल." त्याने या वेळी फळा पूर्ण पुसला.

"गुडघ्यांच्या वेळी दार उघडं होतं," बाई म्हणाल्या, "लाटा लागल्या तेव्हा बंद. लडकू तेवढा वेळ केसरीनाथच्या तोंडासमोर. मनोज, सोमवारची मीटिंग सांग फौजदारांना."

मनोजने सांगितली. तो 'लीकेज' म्हणाला तेव्हा दिपालीने मान वर केली.

"आम्ही लीकेज?"

"सव्वातीन ते साडेतीन तुम्ही कुठे होतात, साहेब?" हितेशने विचारलं.

"मी कुणाला मारलेलं नाही," भूपेश साहेब म्हणाले. इस्त्री अजून जागेवर होती. "शिस्तीचा प्रश्न होता. दहा मिनिटांसाठी दाबलं. फक्त दहा मिनिटं. मग उघडायला सांगणारच होतो. आग लागेल हे मला काय माहीत?"

"नव्हतं माहीत," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही. सातवी ब च्या माणसाला त्याचा अर्थ कळत होता, तो जरा बाजूला झाला. "आग तुम्ही लावली नाहीत. पण धूर दिसल्यावर तुम्ही बॅग आवरलीत, पुढच्या शटरने बाहेर आलात आणि इथे उभे राहिलात. हितेश, जिथे उभे होते तिथून त्या खिळ्यापर्यंत पावलं मोज."

हितेशने मोजली. "चार."

"चार पावलांवर किल्ली. समोर लडकू माणसं बाहेर काढतोय, मागचं दार उघडं आहे असं समजून. ही पोरगी खोकत सांगते, काका मागे आहे, दार बंद आहे. दार कुणी बंद केलं ते जगात एकाच माणसाला ठाऊक होतं. त्याने लडकूला हाक मारली असती तर लावलं कुणी हे सांगावं लागलं असतं. म्हणून त्याने हाक मारली नाही. लडकू बघतोय, म्हणाला. आणि दुसऱ्या दिवशी बसून घुबड पाठ केलं."

रेडिओवर समुद्र संपला. कुणीतरी मधूनच बोलायला लागलं होतं, '...आणि तेव्हापासून आम्ही त्या खुर्चीवर कुणी बसत नाही.' कुठली खुर्ची, ते नागपूरला माहीत. लडकूने रेडिओ बंद केला. ड्युटीवर असताना त्याने तो बंद केलेला कुणी कधी पाहिला नव्हता.

चार वाजता पोलिसांची जीप ठरल्याप्रमाणे गेली. मागे भूपेश साहेब बसले होते. गेट लडकूने उघडलं.

कंपनीने शुक्रवारी नवं पत्रक काढलं. त्यात पुन्हा शोक होता, लडकूला कामावर घेतल्याचं होतं, आणि सुरक्षेचा एक नवा उपाय होता : प्रवेशद्वारावर रेडिओ वाजवण्यास मनाई. दाराबद्दल काही नव्हतं. शनिवारी केसरीनाथ गॅस कटरवाल्याला घेऊन आला आणि मागच्या दाराची दोन्ही पाखं कापून जीपच्या टपावर टाकली. कंपनीने विचारलं, हे काय. तो म्हणाला, जागा माझी हाय, करार करायचा तर बिगर दाराचा करा. त्या मोकळ्या चौकटीत आता एक खिळा आहे आणि खिळ्याला रेडिओ. ते प्रवेशद्वार नाही.

रविवारी खारबावला मंडळाची सभा झाली. सभासद बारा, त्यांतले चार वारलेले, चौघेही हजर. एकच ठराव : नऊ वर्षांची मागणी मागे घेण्यात येत आहे, लाटा साडेतीनलाच राहू द्याव्यात. बाईंनी पोस्टकार्ड लिहून सही केली आणि लडकूकडे सरकवलं. त्याने सही केली. मग वही उघडून मंगळवारचं पान काढलं आणि ओरखड्यापाशी पेन टेकवलं.

"किती होती रे त्या दिवशी?" बाईंनी विचारलं.

"दीड ते पावनेदोन."

"लिही मग."

त्याने लिहिलं. 'पावणेदोन. सावळारामचा अंदाज दीड. बरोबर धरावा. दहापैकी दहा.'